सूचना : मुख्य दार आणि गच्चीची वायरलेस कुलुपे

सर्व सभासदांना नमस्कार,

जिन्याखालची पांढरी डबी म्हणजे आपल्या कुलपांचा गेटवे. गच्चीच्या कुलपाचा निरोप रेडिओ लहरींनी तिच्याकडे येतो आणि ती तो कंट्रोलरला, म्हणजे कुलपे चालवणाऱ्या यंत्राला, देते. मागच्या आठवड्यात तिथे कोणीतरी कूलर आणून ठेवला आणि गच्चीचे कुलूप ऑफलाइन झाले. पत्रा लहरी अडवतो. नागपुरात कूलर घरोघरी आहे हे मान्य, पण कृपया तिथे ठेवू नका.

गच्चीच्या कुलपात चार एए अल्कलाइन सेल आहेत. कार्ड लावल्यावर लाल दिवा लुकलुकला तर त्याच दिवशी वॉचमनला सांगा. स्वतः रिचार्जेबल सेल घालू नका, ते १.५ नव्हे, १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे कुलूप लवकरच सेल संपल्याचा इशारा देते.

मुख्य दाराचे कुलूप चुंबकाचे आहे, वीज गेली की सुटते. म्हणून कार्ड रीडरखालच्या यूपीएसचे बटण कोणीही बंद करू नये, मोबाइल चार्जिंगसाठी तर नाहीच. आतले दार उघडायचे हिरवे बटण लहान मुलांनाही दाखवून ठेवा, आग लागली तर तेच कामाचे.

कार्ड गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मे महिन्यात ते वाकते. हरवले तर लगेच कळवा, तेवढेच कार्ड रद्द करता येते.

सचिव