खुंटी कुठे ठोकायची : एका निवृत्त प्लॅनिंग ऑफिसर ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधल्या एखाद्या शेतावर एकच लहान पवनचक्की उभी करायची म्हटली तरी कौन्सिलची मंजुरी लागते. ती मिळणार की नाही, हे बरंचसं अर्ज आत जाण्याआधीच ठरलेलं असतं, ही गोष्ट तुम्ही, असे अर्ज लिहिणाऱ्या आमच्या मसुद्यांच्या समासात पेन्सिलीने लिहून लिहून आमच्या डोक्यात बसवलीत. नियोजन विभागातली नोकरी संपल्यावर हे काम तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे आभार खासगीत मानून भागत नाही, कारण ती टिपणं आणखी बऱ्याच जणांच्या कामाची आहेत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

सगळ्यात आधी आभार मानतो ते खोडलेल्या पानांबद्दल. हवामानबदल, देशाची विजेची गरज, जगाचं भवितव्य अशी दोन-दोन पानं अर्जाच्या सुरुवातीला असत, आणि तुम्ही त्यांवर एक आडवी रेघ मारून खाली लिहीत असा : "खुंटी कुठे ठोकणार ते सांगा." राष्ट्रीय नियोजन धोरणातच म्हटलेलं आहे की अर्जदाराने अक्षय ऊर्जेची गरज सिद्ध करायची नाही आणि लहान प्रकल्पाचंही मोल धरायचं. मग जे मागितलेलंच नाही ते पुरवून हात दाखवून अवलक्षण कशाला? ऑफिसरला हवं असतं जागेचं गणित.

त्या गणिताआधी एक दरवाजा आहे आणि तिथेच बरेच शेतकरी फसतात. घराच्या आवारात मंजुरीशिवाय बसवता येते ती पवनचक्की पात्याच्या टोकापर्यंत ११.१ मीटरच्या आत आणि पात्यांच्या फेऱ्याचं क्षेत्रफळ ३.८ चौरस मीटरच्या आत असलेली, आणि ती सवलत निवासी जागेपुरतीच. शेतीच्या इमारतींना मिळणाऱ्या सवलतीत पवनचक्की येत नाही. म्हणजे शेतावर पूर्ण अर्जच. पुढचा उंबरठा १५ मीटरचा. हबची, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मध्याची, उंची १५ मीटरच्या वर गेली की पर्यावरणीय परिणामांची छाननी लागू होते आणि अर्ज करण्याआधी गावकऱ्यांशी सल्लामसलत करणं कायद्याने बंधनकारक होतं. १८ मीटरचा खांब घेतला तर मोकळ्या रानात वीज साधारण ८ ते ११ टक्के जास्त मिळते. तेवढ्यासाठी हा व्याप पत्करायचा का, हा हिशेब तुम्ही प्रत्येक वेळी मालकाला करायला लावलात. आणि ती तुमची खास टीप : पायाचं काँक्रीट जमिनीच्या वर ३० सेंटिमीटर काढलंत आणि त्यावर १५ मीटरचा खांब ठेवलात, तर हब १५.३ मीटरवर जातो. आराखड्यात उंची मूळ जमिनीपासून मोजून दाखवा.

आता जागा. इथे कौन्सिलमधलीच माणसं एकमेकांविरुद्ध दिशांना ओढतात. निसर्गदृश्य बघणारा अधिकारी म्हणतो, खांब गोठ्याजवळ, झाडांच्या आडोशाला घ्या, क्षितिजावर एकटा दिसू नये. वाऱ्याला तो आडोसाच नको असतो. झाडांची रांग जितकी उंच, त्याच्या दुप्पट उंचीपर्यंत आणि वारा वाहत जातो त्या दिशेला वीसपट अंतरापर्यंत हवा घुसळलेली राहते. त्यात वीज कमी मिळते आणि बेअरिंग लवकर जातात. त्यात भर वटवाघळांची. ती झुडपी कुंपणाच्या आणि झाडांच्या कडेने उडतात, म्हणून नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंरक्षण संस्थेची सूचना आहे की पात्याचं टोक अशा कडेपासून ५० मीटर दूर असावं. हे ५० मीटर जमिनीवर फीत लावून मोजायचे नसतात, ही चूक मसुद्यांत हटकून सापडते. पात्याच्या टोकापासून कुंपणाच्या माथ्यापर्यंतचं अंतर ते आहे. पन्नासात पात्याची लांबी मिळवून वर्ग करायचा, हबची उंची वजा कुंपणाची उंची याचा वर्ग त्यातून काढायचा आणि उरलेल्याचं वर्गमूळ घ्यायचं. हब १५ मीटर, पातं २.७५ मीटर, कुंपण ३ मीटर असेल तर खांब कुंपणाच्या तळापासून ५१.४ मीटरवर येतो. हब १८, पातं ६.५ आणि जवळ १२ मीटरचं झाड असेल तर ५६.२ मीटर. झाड वाढणार आहे हेही धरा, असं तुम्ही लिहायचात. झाडाची आजची उंची हबच्या जितकी जवळ जाते तितकं अंतर वाढतं.

छोट्या शेतात चारही बाजूंना ५० मीटर सोडले तर कधी कधी खांबाला जागाच उरत नाही. तिथे ही सूचना मुळात मोठ्या यंत्रांसाठी लिहिलेली आहे हे ऑफिसरला नम्रपणे दाखवायचं, आणि लहान पवनचक्क्यांवरच्या स्टर्लिंग विद्यापीठाच्या २०१२ च्या अभ्यासाने २० मीटर अंतर सुचवलं होतं तो आधार पुढे करायचा. पण सोबत वटवाघळांची पाहणी जोडल्याशिवाय नाही. पाहणी उन्हाळ्यातच होते. हिवाळ्यात अर्ज घालून मग पाहणीसाठी मे महिन्याची वाट बघत बसणं म्हणजे वरातीमागून घोडं.

आवाजाच्या पानावर तुमची पेन्सिल सगळ्यात जास्त चालली. १९९६ च्या ईटीएसयू-आर-९७ या पवनचक्क्यांच्या आवाजाच्या मार्गदर्शिकेत एकट्या पवनचक्कीसाठी एक सोपी कसोटी आहे. जमिनीपासून १० मीटरवर वाऱ्याचा वेग सेकंदाला १० मीटरपर्यंत असताना शेजारच्या घरापाशी आवाज एल-ए-९० या मापाने (नव्वद टक्के वेळ ओलांडली जाते ती पातळी) ३५ डेसिबलच्या आत राहत असेल, तर परिसरातला मूळ आवाज आठवडेच्या आठवडे मोजत बसावं लागत नाही. माहितीपत्रकावर ठळक छापलेला आकडा मात्र बहुधा ८ मीटर वेगाचा असतो. पुढच्या दोन मीटरांत आवाज किती चढतो तो उतार चाचणीच्या अहवालात सापडतो. तो न मिळवता पाठवलेला अर्ज पर्यावरण आरोग्य विभागाकडून प्रश्नांसह परत येतो आणि महिना जातो.

तुम्ही कागदाच्या कोपऱ्यात करून दाखवलेलं गणित इथे उतरवतो, कारण याच्याइतकी उपयोगी गोष्ट आम्हाला दुसरी मिळाली नाही. यंत्राची ध्वनिशक्ती १० मीटर वेगाला ८८ डेसिबल धरू. मोकळ्या जमिनीवर त्यातून ८ वजा करायचे आणि अंतराच्या लॉगरिदमची वीसपट वजा करायची. १०० मीटरवर ४०, २०० मीटरवर ३४. हे सरासरी माप. एल-ए-९० त्याहून साधारण २ डेसिबल कमी भरतं. म्हणजे ३५ ची कसोटी सुमारे १४० मीटरवर पार पडते. पण यंत्रातून एकसुरी गुणगुण येत असेल तर ५ डेसिबलपर्यंत दंड चढतो, आणि तेवढ्यानेच तेच अंतर २५० मीटरवर जाऊन पोचतं. गुणगुणीच्या चाचणीचा कागद आधी मागा, जागा मग ठरवा, हा क्रम त्यामुळे आम्ही आता मोडत नाही. पवनचक्कीत ज्यांचा पैसा गुंतलेला आहे त्यांच्या घरासाठी मर्यादा ४५ पर्यंत जाते. मात्र शेतावरच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला यातून काहीच मिळत नसेल तर त्यांना ३५ च लागू, हे मालकाला ऐकायला आवडत नाही.

फिरत्या पात्यांची सावली खिडकीत लुकलुकते, ते प्रकरण लहान यंत्रात लवकर मिटतं. पात्यांच्या व्यासाच्या दहापट अंतरात, उत्तरेच्या दोन्ही बाजूंना १३० अंशांत खिडकी नसली की झालं. साडेपाच मीटर व्यासाला ५५ मीटर. एक ओळ आणि एक वर्तुळ पुरतं.

नकाशांबद्दल तुम्ही कठोर होतात, आणि बरंच झालं. जागेचा नकाशा १:१२५० किंवा १:२५००, आराखडा १:५००. लाल रेघेत खांबाचा पायाच नव्हे, तर केबलचा चर आणि सार्वजनिक रस्त्यापर्यंतची वाट यायला हवी. मालकाची बाकीची जमीन निळ्या रेघेत. चर लाल रेघेबाहेर राहिला की अर्ज नोंदवलाच जात नाही. उलट घाबरून अख्खं शेत लाल रेघेत घेतलं की खिशाला चाट, कारण या प्रकारच्या अर्जाचं शुल्क लाल रेघेतल्या दर ०.१ हेक्टरवर चढतं. ३०० मीटरच्या चराला ५ मीटर रुंदीची पट्टी दिली तर ०.१५ हेक्टर होतात. तिथे दहा मीटरची पट्टी कशाला? जमीन कुळाकडे असेल तर त्यालाही नोटीस द्यायची आणि तसं प्रमाणपत्र अर्जासोबत जोडायचं. वहिवाट तोंडी चालत आलेली असली तरीही.

३ मीटर लांब-रुंद आणि १ मीटर खोल पायाला ९ घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे मिक्सरच्या दोन खेपा. ते ट्रक ओल्या कुरणातून जाणार कसे, हे आराखड्यात नसेल तर ऑफिसर विचारणारच. खडी टाकून वाट केली की दुसरा नियम जागा होतो. २०२४ पासून जैवविविधतेत १० टक्के वाढ दाखवावी लागते. २५ चौरस मीटरपेक्षा कमी अधिवास आणि ५ मीटरपेक्षा कमी कुंपण बाधित होत असेल तर नियम आला तेव्हा त्यातून सूट होती. नुसता पाया त्यात बसायचा. वाट आणि कुंपणातली नवी खिंड धरली की बसायचा नाही. म्हणून जुनं फाटक वापरा, तात्पुरत्या लोखंडी पट्ट्या अंथरा, आणि चर कसा मोजायचा ते आधीच लेखी विचारून घ्या, ही तुमची त्रिसूत्री.

संरक्षण मंत्रालयाकडे विचारणा पाठवायला विसरू नका, असं तुम्ही लाल शाईने लिहिलंत. पेन्सिल सोडून शाई तेवढ्या एकाच ठिकाणी. फिरतं पातं रडारला हलत्या वस्तूसारखं दिसतं, म्हणून टोकापर्यंत ११ मीटर किंवा व्यास २ मीटर झाला तरी त्यांना कळवायचं असतं. नकाशावरचे नेमके ग्रिड निर्देशांक, जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची, हबची उंची आणि व्यास. त्यांची हरकत शेवटच्या आठवड्यात आली तर आठ आठवड्यांची मुदत कोलमडते.

धोरणाच्या इतिहासाबद्दल स्वतंत्र आभार. १८ जून २०१५ च्या मंत्रिस्तरीय निवेदनाने इंग्लंडमध्ये दुहेरी अट घातली : जागा कौन्सिलच्या स्थानिक प्लॅनमध्ये (विकास आराखड्यात) किंवा गाव-वस्तीच्या नेबरहुड प्लॅनमध्ये पवनऊर्जेसाठी दाखवलेली हवी, आणि लोकांच्या हरकतींचं निराकरण होऊन त्यांचा पाठिंबा हवा. सप्टेंबर २०२३ मध्ये ती जराशी सैल झाली आणि ८ जुलै २०२४ ला राष्ट्रीय धोरणातून निघाली. आता रान मोकळं, असं आम्हाला वाटलं होतं. तुम्ही लिहिलंत : "कौन्सिलचा स्थानिक प्लॅन कुठल्या सालचा आहे ते बघा." मधल्या नऊ वर्षांत केलेल्या प्लॅनमध्ये तीच अट शब्दशः उतरलेली असू शकते, आणि २००४ च्या नियोजन कायद्याच्या कलम ३८(६) प्रमाणे निर्णय आधी प्लॅनला धरून व्हायचा. राष्ट्रीय धोरण त्यानंतर बदललं हा विचारात घ्यायचा मुद्दा आहे, पण तो अर्जदाराने मांडावा लागतो, परिच्छेदाच्या क्रमांकासह. गप्प राहिलं की जुनी अट जिवंतच.

पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे गावपातळीवरच्या कौन्सिलच्या, बैठकीला घाबरू नका, पण जाच, हाही तुमचा सल्ला. त्यांना निर्णयाचा अधिकार नाही. त्यांची हरकत मात्र अर्ज ऑफिसरच्या टेबलावरून उचलून समितीपुढे नेऊ शकते. तिथे बोलायला बहुधा तीनच मिनिटं मिळतात. घराच्या किमती पडतील किंवा खिडकीतलं दृश्य जाईल हे नियोजनाचे मुद्दे नाहीत, हे सांगण्यात त्यातली दोन घालवू नयेत. ते ऑफिसरच्या अहवालात येतंच. जवळ संरक्षित यादीतली इमारत असेल तर मात्र सगळी तीन मिनिटं तिला द्यावीत. लायव्हडन न्यू बील्ड या अशाच इमारतीजवळच्या चार पवनचक्क्यांची मंजुरी २०१४ मध्ये अपील कोर्टात टिकली नाही ती याच कारणाने : अशा वास्तूच्या परिसराला विशेष वजन दिलेलं निर्णयात दिसलं पाहिजे, किरकोळ हानी असली तरी.

मंजुरीचं पत्र आलं की आमचं लक्ष यंत्राच्या ऑर्डरकडे जायचं आणि तुमचं अटींकडे. तीन वर्षांत काम सुरू करा, २५ वर्षांनी काढून न्या, बंद पडली तर ठरलेल्या मुदतीत उतरवा, रंग निस्तेज राखाडी, आवाजाची मर्यादा. यातल्या "काम सुरू करण्याआधी" अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या अटींखाली तुम्ही दुहेरी रेघ ओढायचात. २०१८ पासून अशी अट घालायला अर्जदाराची लेखी संमती लागते, म्हणून मसुदा आला की तिथेच घासाघीस करायची. आणि एकदा मान्य केली की ती पूर्ण झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत खड्डा खणायचा नाही, मिक्सर दारात उभा असला तरी. त्या पत्रालाही पुन्हा आठ आठवडे लागू शकतात. वीज वितरण कंपनीकडचा जी९९ चा, म्हणजे ग्रिडला जोडणीचा, अर्ज त्याच काळात चालवता येतो. सिंगल फेजवर १६ अँपिअरच्या आतलं यंत्र असेल तर सोप्या जी९८ वर भागतं.

पुढच्या आठवड्यात आणखी एक मसुदा तुमच्याकडे निघतो आहे. उत्तरेला ओकची रांग आहे, दक्षिणेला १६० मीटरवर शेजाऱ्याचं घर, आणि गुणगुणीच्या चाचणीचा कागद अजून आलेला नाही. १:५०० च्या आराखड्यावर खांबाची जागा म्हणूनच पेन्सिलीने काढली आहे.

आपले कृतज्ञ,
लहान पवनचक्क्यांचे अर्ज लिहिणारे आम्ही सगळे