जिताड्याच्या शोधात

पुणे,
१८ मे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मेलबर्नच्या बाजारात ज्याला बारामुंडी म्हणतात तो मासा म्हणजे आपला जिताडाच का, असे तू विचारले आहेस. होय, तोच. बंगालात तो भेटकी होतो, गोव्यात चणक होतो आणि आपल्या रायगडात जिताडा. तुला तो दुकानात सहज मिळतो हे वाचून मला खरोखर हेवा वाटला, कारण गेले दोन महिने मी त्याच माशाच्या मागे होतो.

कारण सांगतो. फाल्गुनात बाबांना मोठे दुखणे आले. त्यातून ते उठले, पण तोंडाची चव गेली ती परत येईना. एके दिवशी आईने विचारले, काय करू तुमच्यासाठी? तेव्हा ते म्हणाले, "जिताड्याचे कालवण मिळाले तर बघ." गेल्या वर्षभरात त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

प्रथम मी इथल्याच बाजारात चौकशी केली. एका विक्रेत्याने "जिताडाच आहे साहेब, साफ करून ठेवलाय" असे सांगून पांढऱ्या, बिनकातडीच्या, बिनकाट्याच्या तुकड्या दिल्या. घरी कालवणात टाकताच त्या मऊ पडून विरघळू लागल्या. जिताड्याचे मांस शिजल्यावर पाकळीपाकळीने सुटते, पण पाकळी मोडत नाही. हा बहुधा व्हिएतनामहून गोठवून येणारा बासा असावा. बाबांनी एक घास घेतला आणि काही न बोलता ताट बाजूला सारले. त्या दिवसापासून डोके आणि खवले पाहिल्याशिवाय जिताडा घ्यायचा नाही, असे मी ठरवले.

मग अलिबागला गेलो. बंदरावरच्या मावशींनी सुरमई, हलवा, बोंबील सगळे दाखवले, पण जिताड्याचे नाव काढताच एकीने मान हलवली आणि म्हणाली, "खाडीचा जिताडा आता नशिबाने लागतो, दादा. तळ्यावाल्याची ओळख काढ." ती ओळख काढता काढता मी खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, पोहोचलो. तुझ्या आजोळच्या घरामागे तळे होते, आठवते? ते आता बुजवले आहे आणि तिथे दोन बंगले उभे आहेत. तसे पाहिले तर जिताडा का मिळत नाही, याचे अर्धे उत्तर तिथेच मिळते.

उरलेले अर्धे त्या माशाच्या जन्मात आहे. जिताडा तळ्यात वाढतो, पण तळ्यात अंडी घालत नाही. त्यासाठी त्याला खाडीच्या मुखाशी असलेले खारे पाणी लागते. पावसाळ्याच्या उधाणाबरोबर त्याची बोटभर पिल्ले खाडीत, तिथून उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, खाजणात (भरतीचे पाणी येणाऱ्या खोलगट जमिनीत) आणि भातखाचरात शिरतात. आपल्याकडचे शेतकरी ती वेचून घरच्या तळ्यात सोडत, आणि तिथे लहान मासे नि कोळंबी खाऊन ती वर्षा-दोन वर्षांत किलो-दोन किलोची होत. म्हणजे तळ्यातला प्रत्येक जिताडा कधीतरी भरतीच्या पाण्याबरोबर आत आलेला असे. आणखी एक नवल असे की तो आधी नर असतो आणि पुष्कळ वर्षे जगून मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे मोठे मासे सरसकट मारले गेले की अंडी घालणाऱ्या माद्याच उरत नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलकृषी संस्थेने १९९७ साली त्याचे बीज, म्हणजे पिल्ले, हॅचरीत (अंडी उबवण्याच्या केंद्रात) तयार केले आणि आता विकतचे बीज आणूनही तळी भरतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण तळेच बुजवले तर बीज सोडायचे कुठे?

ज्या काकांकडे मला पाठवले होते, त्यांनी प्रथम नकारच दिला. तळ्यातले मासे लेकीच्या सासरची माणसे येणार म्हणून राखून ठेवले होते, विकायचे नव्हते. मी बाबांबद्दल सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी तळे उपसायचे आहे, पहाटे या." मी गेलो. गुडघाभर गढूळ पाण्यात त्यांच्या मुलाने पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, फेकला आणि चौथ्या खेपेला सव्वादोन किलोचा जिताडा वर आला. पाठ करडी-हिरवट, पोट चांदीसारखे, खालचा जबडा पुढे आलेला आणि डोळ्यांत तांबूस सोनेरी झाक. पैसे घ्यायला ते तयार झाले नाहीत. बर्फात घालून तो मी पेण-खोपोलीमार्गे दुपारपर्यंत पुण्याला आणला.

साफ करताना कल्ल्याच्या झाकणाने माझा अंगठा कापला. १७९० साली ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने त्याला 'कॅल्करिफर', म्हणजे आर बाळगणारा, असे नाव दिले, ते गालफडावरच्या काट्यावरून. तूही जपून साफ कर. तळ्यातल्या माशाला कधीकधी चिखलाचा वास असतो, म्हणून तुकड्यांना मीठ, हळद आणि लिंबू लावून अर्धा तास ठेवल्या आणि धुऊन घेतल्या. मग आईच्या देखरेखीखाली तेलात सालासकट ठेचलेला लसूण लालसर केला, त्यावर हिंग, हळद आणि आगरी मसाला घातला, पाणी ओतले आणि कैरीच्या फोडी टाकून ते खळखळ उकळू दिले. कांदा नाही, खोबरे नाही. या माशाला वाटण लावू नये असे माझे ठाम मत आहे, कारण पोटाकडच्या चरबीने रसाला जो दाटपणा येतो तो वाटणात हरवतो. डोके आधी सोडले, तुकड्या नंतर, आणि त्यानंतर डाव लावला नाही, पातेलेच दोन्ही हातांनी धरून हलवले. सात-आठ मिनिटांत झाले.

बाबांनी तांदळाच्या भाकरीबरोबर आधी डोके मागितले. ते सावकाश, एकेक हाड चोखून त्यांनी संपवले, मग रस भातावर घेतला आणि मला विचारले, "कोणाच्या तळ्यातला?" खाडीचा नाही हे त्यांनी पहिल्या घासातच ओळखले होते. मी नाव सांगितले, तेव्हा त्या काकांच्या वडिलांची आणि त्या तळ्याच्या बांधाची हकीकत ते अर्धा तास सांगत बसले.

तुझ्याकडे तुकड्या मिळत असल्या तरी कातडीसकट घे, आणि अख्खा मासा मिळाला तर डोके टाकून देऊ नकोस. तिथे कैरी मिळाली नाही तर चिंचेचा कोळ चालेल. आईने या वर्षीचा आगरी मसाला केला आहे. त्यातला पाव किलो तुझ्या मेहुण्याबरोबर पाठवत आहे. वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद सांग.

तुझा,
बालमित्र