वाट पाहायला शिकवणाऱ्या आमच्या बाईंना

आदरणीय बाई,

जय ख्रिस्त.

उद्या आगमनकाळाचा, म्हणजे नाताळची वाट पाहण्याच्या काळाचा, पहिला रविवार. इथल्या मंडळीला नाताळची तयारी कायमच जमत आली आहे. नाताळची वाट कशी पाहायची, हे मात्र तुम्ही शिकवलंत. त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे मनापासून आभारी आहोत. पत्र उघड लिहितो आहोत, म्हणजे नंदुरबारपासून भुसावळपर्यंत ज्या मंडळ्या हा काळ पाळू पाहतात त्यांनाही तुमची पद्धत उपयोगी पडेल.

तुमचा पहिला आग्रह कॅलेंडरचा. नाताळच्या आधीचे चार रविवार मोजायचे, म्हणून सुरुवात २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यातच होते आणि हा काळ कधी २२ दिवसांचा, कधी २८ दिवसांचा भरतो. पहिल्या रविवारी गव्हाणी, मेंढपाळ काही नाही. त्या दिवशी शुभवर्तमानातले मत्तय २४, मार्क १३ किंवा लूक २१, म्हणजे प्रभूच्या पुन्हा येण्याचं वचन. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान आणि चौथ्याला मरीया किंवा योसेफ. जुन्या करारातल्या लोकांनी पहिल्या येण्याची वाट पाहिली, आपण दुसऱ्या येण्याची पाहतो, आणि त्यांच्याकडून आपण धीर शिकतो, असं तुम्ही सांगायचात. नाताळची गाणी चौथ्या रविवारपर्यंत थांबवलीत तेव्हा काही जण रुसले होते. पण १ तारखेपासून 'जन्मला' म्हणत सुटलं, तर २५ तारखेला म्हणायला उरतं काय? गाणी थांबवलीत हे फार बरं केलंत.

सगळ्यात मोठे आभार जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या २९व्या अध्यायासाठी. त्यातलं ११वं वचन, देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे विचार आहेत हे सांगणारं, आपल्याकडे घरोघरी भिंतीवर असतं. तुम्ही आम्हाला आधी १०वं वाचायला लावलंत. तिथे मुदत दिली आहे, सत्तर वर्षांची. ते पत्र बाबेलात नेलेल्या कैद्यांना लिहिलेलं होतं. ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण सुटका पाहण्याआधीच जाणार होते, आणि तरी ते अभिवचन त्यांचंच होतं. मग ५ ते ७ ही वचनं: घरं बांधा, मळे लावा, लेकराबाळांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. वाट पाहायची ती अशी. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मृगबाग लावली की घड उतरायला वर्ष जातं, आणि त्या वर्षात तो बांधावर बसून राहत नाही.

म्हणूनच प्रत्येक अभिवचनापुढे वहीत चार ओळी लिहायची सवय तुम्ही लावलीत. हे कोणाला दिलं? कधी? त्यातलं काय पूर्ण झालं? काय उरलं? मंदिरात बाळ येशूला हातात घेणाऱ्या शिमोनाला वचन मिळालं होतं की प्रभूचा ख्रिस्त पाहिल्याशिवाय त्याला मरण येणार नाही (लूक २:२६). ते शिमोनाचं. ते उचलून 'माझ्या मुलाला नाताळपर्यंत नोकरी लागेल' असा अर्थ काढला, की जानेवारीत देवावरचाच भरवसा डळमळतो. खोट अभिवचनात नसते. ते न वाचताच आपण त्याला आपली तारीख चिकटवलेली असते. नोकरीसाठी प्रार्थना जरूर करावी, रोज करावी, पण ती मागणी आहे आणि हे अभिवचन आहे, दोन्ही वेगवेगळ्या पानांवर लिहा, असं तुम्ही सांगितलंत.

अब्राहामाच्या वयाचे आकडेही तुम्ही फळ्यावर मांडले होते: ७५, ८६, १००. पंचाहत्तरीत हारान सोडलं, शंभरीत अभिवचनातला मुलगा इसहाक झाला. मधल्या ८६ला इश्माएल, कारण दहा-अकरा वर्षं थांबून घराने स्वतःच तोड काढली आणि त्याचं दुःख इश्माएलची आई, दासी हागार, हिने भोगलं. उतावीळपणाची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्यालाच मोजावी लागते, हे तुम्ही हळू आवाजात म्हणाला होतात.

आता परातीबद्दल. आगमनकाळात दर रविवारी एकेक वाढवत पेटवायच्या मेणबत्त्यांचं चक्र जर्मनीतल्या हँबुर्गच्या योहान विखेर्न यांनी १८३९ साली अनाथ मुलांसाठी केलं, गाडीच्या चाकावर. तिकडची सूचिपर्णी झाडं आपल्याकडे कुठली! तुम्ही मोठी स्टीलची परात घेतलीत, तिच्यात चार बोटं ओली वाळू, कडेने आसुपालवाच्या डहाळ्या. कडुनिंब नको, दोन दिवसांत पानं झडतात. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, तर मुळीच नको, वाळलेली पऱ्हाटी ठिणगीलाच पेटते. तीन मेणबत्त्या जांभळ्या, तिसऱ्या रविवारची गुलाबी, मधोमध नाताळसाठी पांढरी. वाळू दर शनिवारी पुन्हा भिजवायची, कोरडी झाली की मेणबत्ती कलते. वात दरवेळी पाव इंचावर कापायची, लांब राहिली की काजळी धरते. उपासनेत पंखे बंद. पहिली मेणबत्ती चार रविवार जळते आणि चौथी एकच, म्हणून शेवटी परातीत पायऱ्या दिसतात. उंची सारखी करायला कोणी पहिली बदलू पाहिली, तर तुम्ही हात धरायचात. जी सगळ्यात जास्त दिवस जळली ती सगळ्यात बुटकी दिसणारच.

मुलांच्या वर्गात तुम्ही कापूस आणायचात, आपल्याच शेतातला, सरकी काढलेला. एका पदराचा धागा ओढला की तुटायचा. तीन पदर एकत्र पिळले की दोन मुलांनी ताणूनही टिकायचा. मग सांगायचात: हिब्रूत आशेला 'तिकवा' म्हणतात, आणि यरीहोतल्या राहाबेने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीलाही यहोशवाच्या २ऱ्या अध्यायात तोच शब्द आहे. मुलांनी पिळलेल्या त्या दोऱ्या बायबलात खुणेला आहेत, मोठ्यांच्यासुद्धा.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या घरांना तुम्ही विसरला नाहीत. रोजचं वाचन तीन मिनिटांत फोनवर बोलून पाठवायचात, मराठीत आणि मग अहिराणीत, पहाटे फडावर निघण्याआधी ऐकता येईल असं. तिकडून एका आजीचा निरोप यायचा, 'वाट देखी ऱ्हायनू'. आणि ज्यांच्या घरी त्या वर्षी माणूस गेलं होतं, त्यांच्याकडे तुम्ही स्तोत्र १३ घेऊन जायचात. पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कोठवर?' येतं. ते चारही वेळा वाचायचात, सावकाश, आणि 'देवाची काही योजना असेल' असं म्हणण्याची घाई करायचा नाहीत. त्या घरांनी तुमचे आभार वेगळे सांगायला लावले आहेत.

यंदा वाळू धुवून घेतली आहे, परात घासून ठेवली आहे, डहाळ्या उद्या पहाटे आणू. वाती कापायची कात्री तुम्ही ठेवायचात तिथेच, वेदीमागच्या कोनाड्यात आहे.

प्रभूमध्ये तुमची,
मंडळीतली सगळी माणसं