मा. आरोग्यमंत्री यांस खुले पत्र: डुकरांचं रक्त तपासणार कोण?

महोदय, सविनय नमस्कार.

मी पूर्व विदर्भातला धान उत्पादक. गेल्या वर्षी मेंदूज्वराची पाहणी करायला आलेले साहेब सांगून गेले, "पंधरा दिवसांत डुकरं वस्तीबाहेर, हुकलेल्या पोरांना लस." यंदाचं धान मळून झालं, डुकरं जागच्या जागी आहेत. परवा माझ्या पुतणीचा अपंगाचा दाखला मिळाला. तो मात्र वेळेत दिलात, आभारी आहोत.

नऊ वर्षांची पोर. रोवणीनंतर ताप, उलट्या, मग झटके. मणक्यातलं पाणी तपासल्यावर कळलं, जपानी मेंदूज्वर. या रोगावर औषधच नाही. जीव वाचला, पण उजवा हात मुडपलेलाच आहे. वहिनी पेज भरवते, निम्मी पोटात जाते, निम्मी फडक्यावर. आजीला ती ओळखते की नाही, आम्हाला समजत नाही. भाऊ-वहिनी तेलंगणात मिरची तोडायला गेले तेव्हा लसीचा दुसरा डोस हुकला. पोट भरायला गेले होते, सहलीला नाही.

विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत वाढतो, धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, साचलेल्या पाण्यात पैदा होणारा क्युलेक्स डास तो माणसात आणतो. डुक्कर सहसा आजारी दिसतच नाही, म्हणून पशुसंवर्धनवाले म्हणतात, तक्रार नाही. तुमचे लोक म्हणतात, जनावर आमच्याकडे येत नाही. सरपंच म्हणतात, डुकरांचा मालक मतदार आहे (निदान खरं तरी बोलले). डुकरांचं रक्त वेळेवर तपासलं तर विषाणू फिरतोय हे आधीच कळेल. सध्या ते कळायला आमची पोरं आजारी पडावी लागतात. धुरळणी झाली म्हणे. डास बांधीत, धूर ग्रामपंचायतीसमोर. फोटो झकास आले.

देशात या रोगाचे रुग्ण 1955 पासून माहीत आहेत. 2005 मध्ये गोरखपूरकडे हजारावर माणसं मेली, बहुतेक लेकरं, तेव्हा कुठे 2006 मध्ये लसीची मोहीम निघाली. 2013 पासून देशी लस आहे, तीही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या मदतीने तयार झालेली. म्हणजे ज्ञान कमी नाही. धानाचा बोनस असो, पीकविमा असो की पोरीची फिजिओथेरपी, टेबल बदलतं, उत्तर तेच: "वरून आदेश नाही." हे 'वर' नेमकं कुठे आहे? मुंबईला असेल तर तिकीट काढतो.

हुकलेल्या पोरांची नावं आशाताईच्या वहीत आहेत. लस कधी पाठवता, त्याची तारीख कळवा. 'लवकरच' नको.

आपला,
एक धान उत्पादक