युद्धाच्या लेखासोबत जमिनीचा नकाशाही छापावा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

सप्टेंबर आणि डिसेंबर हे महिने आले की मराठी वृत्तपत्रांत १९६५ आणि १९७१ च्या युद्धांवरचे लेख आवर्जून छापले जातात आणि त्यांची कात्रणे मी वर्षानुवर्षे जपत आलो आहे. त्या लेखांत जवानांचे शौर्य असते, पलटणींची नावे असतात, किती रणगाडे निकामी झाले याचे आकडे असतात. जमीन मात्र नसते. टेकडी कोणत्या बाजूला होती, कालवा किती अंतरावर होता, शेतात पीक किती उंच उभे होते, वाळू कोठे भुसभुशीत होती, हे कळल्याशिवाय ती लढाई तशीच का झाली याचा उलगडा होत नाही. म्हणून या लेखांसोबत प्रमाणपट्टी असलेला आणि जमिनीचे रूप दाखवणारा एक साधा नकाशा आपण छापावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ही विनंती ज्या छंदातून आली आहे, त्याविषयीही खान्देशातल्या वाचकांना, विशेषतः इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि ग्रंथालये चालवणाऱ्यांना थोडे सविस्तर सांगावेसे वाटते.

हा छंद म्हणजे टेबलावरचा युद्धखेळ. खऱ्या लढाईच्या जागेची प्रतिकृती टेबलावर उभी करायची, तिच्यावर सैनिक, रणगाडे आणि तोफा यांच्या लहान प्रतिकृती मांडायच्या आणि हालचाल, दृष्टिरेषा, मारा व मनोधैर्य यांचे ठरलेले नियम पाळून, मोजपट्टी आणि फासे हाती घेऊन ती लढाई पुन्हा लढवून पाहायची. याला पोरखेळ समजणाऱ्यांनी प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्याचा इतिहास पाहावा. राइसविट्झ नावाच्या तेथील एका तरुण लेफ्टनंटने १८२४ मध्ये १:८००० प्रमाणाच्या नकाशावर खेळायचा असा खेळ सिद्ध केला. त्यात एक फेरी म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटे, दोन्ही बाजूंचे हुकूम लेखी आणि निकाल देणारा पंच वेगळा, अशी व्यवस्था होती. तेथील सेनाप्रमुख म्युफलिंग यांना तो इतका पटला की त्यांनी सैन्याच्या शिक्षणासाठी त्याची शिफारस केली. आपल्या सैन्यातही कारवाईपूर्वी वाळूत जमिनीचा नमुना तयार करून त्याभोवती अधिकाऱ्यांना आणि जवानांना बेत समजावून दिला जातो. जमीन समोर मांडून विचार करण्याची ही रीत जाणत्यांची आहे.

आधुनिक काळातली लढाई टेबलावर आणताना पहिली अडचण अंतराची येते. ६ फूट बाय ४ फुटांचे टेबल घेतले आणि १/७२ प्रमाणाचे रणगाडे त्यावर ठेवले, तर प्रत्यक्षातला एक किलोमीटर त्याच प्रमाणात जवळपास १४ मीटर होतो, म्हणजे टेबल सोडाच, घरही पुरत नाही. १/२८५ प्रमाणाचे चिमुकले रणगाडे घेतले तरी तो किलोमीटर साडेतीन मीटर भरतो. म्हणून जमिनीचे प्रमाण वेगळे धरावे लागते. १ सेंटिमीटर म्हणजे १० मीटर असे धरले की त्याच टेबलावर सुमारे १८०० मीटर लांब आणि १२०० मीटर रुंद रणभूमी बसते. अर्थात त्या हिशोबाने अडीच सेंटिमीटरांचा रणगाडा २५ मीटर जागा व्यापून बसतो. ही विसंगती ठाऊक ठेवूनच खेळायचे असते. एक प्रतिकृती म्हणजे एक रणगाडा की तीन-चार रणगाड्यांचा दस्ता, हे आधी ठरवले की ती सुसह्य होते. नकाशाचे प्रमाण या विषयावर विद्यार्थ्यांना जे वर्गात कंटाळवाणे वाटते, तेच येथे त्यांना स्वतःहून सोडवावेसे वाटते, हे मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक म्हणून खात्रीने सांगू शकतो.

असल उत्तरची लढाई खान्देशातल्या शेतकऱ्याला जितकी लवकर समजेल तितकी ती शहरातल्या अभ्यासकाला समजणार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या दिवसांत पंजाबातील खेमकरणजवळ पाकिस्तानचे पॅटन रणगाडे मोठ्या संख्येने चालून आले. आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने मागे सरून असल उत्तरभोवती घोड्याच्या नालासारखी मोर्चेबांधणी केली, कालव्याचे पाणी सोडून शेते भिजवली आणि उभ्या उसात रणगाडे व रणगाडाविरोधी तोफा दडवल्या. चाळीस टनांहून जड पॅटन चिखलात मंदावले, उसामुळे त्यांना समोरचे दिसेना आणि लांब पल्ल्याच्या तोफेचा त्यांचा फायदा संपला. भारतीय नोंदींनुसार पाकिस्तानचे ९७ रणगाडे तेथे नष्ट झाले किंवा हाती लागले. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेने पॅटन टिपले आणि ते धारातीर्थी पडले, हे आपण सारे वाचत आलो आहोत. पण ती जीप शत्रूच्या इतक्या जवळ पोहोचून मारा कशी करू शकली, याचे उत्तर पिकाच्या उंचीत आहे. पोळ्याच्या सुमारास काळ्या जमिनीत ट्रॅक्टर घातला की काय होते, हे चोपडा-शिरपूरच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याच्याच शेतात चैत्रात नजर बांधापार जाते आणि भाद्रपदात कपाशी, बाजरी, केळी यांच्या पलीकडचा माणूस दिसत नाही. म्हणून टेबलावरची जमीन बनवताना महिना कोणता, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. असल उत्तरचा परिसर सपाट आहे. दर २० मीटर उंचीला काढलेल्या समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, तेथे जवळपास काहीच सांगत नाहीत. तेथे बांध, कालवा, रस्ता आणि ऊस हीच खरी भूरचना होय, आणि ती टेबलावर मांडली नाही तर पॅटनच जिंकतात.

डोंगराळ भागात जमीन वेगळ्या रीतीने निकाल देते. ऑक्टोबर १९७३ मध्ये गोलन टेकड्यांवर इस्रायलच्या सेंच्युरियन रणगाड्यांनी संख्येने कितीतरी अधिक असलेल्या सीरियाच्या टी-५५ आणि टी-६२ रणगाड्यांना रोखून धरले. त्यामागे इतर कारणे होतीच, पण एक कारण साध्या भूमितीचे आहे. सेंच्युरियनची तोफ आडव्या रेषेच्या खाली सुमारे १० अंश झुकते, टी-५५ ची सुमारे ५ अंश. उंचवट्यामागे धड लपवून केवळ तोफेचा फिरता बुरूज वर काढून उतारावर मारा करायचा, तर तोफ खाली झुकली पाहिजे. ज्याची तोफ झुकत नाही तो रणगाडा माथ्यावर पूर्ण उघडा पडल्याशिवाय खालचे लक्ष्य टिपू शकत नाही. इस्रायलींनी अशा माऱ्यासाठी आधीच मातीचे चढ रचून ठेवले होते. हे वाक्य पुस्तकात वाचून डोक्यावरून जाते. पुठ्ठ्याची टेकडी करून, टेबलाच्या पातळीला डोळा नेऊन, रणगाड्याच्या तोफेपासून लक्ष्यापर्यंत दोरा ताणून पाहिले की ते पक्के समजते. टेकडीआड न दिसणारी, माऱ्यापासून सुरक्षित अशी जागा किती असते, हेही दोऱ्यानेच कळते. ज्याने तापी-पूर्णेच्या काठच्या घळींतून पायपीट केली आहे, त्याला अशी जागा ओळखण्याची नजर आधीच मिळालेली असते, कारण काठावरून सपाट दिसणाऱ्या त्या मैदानात अख्खी पलटण दृष्टिआड होऊ शकते.

आता एकट्याने खेळण्याविषयी. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत हा छंद जोपासणारे थोडे आणि विखुरलेले आहेत, त्यामुळे समोर प्रतिस्पर्धी मिळणे कठीण. पण एकट्याचा खेळ ही नाइलाजाने पत्करलेली तडजोड आहे, असे मी मानत नाही. बुद्धिबळातले कूटप्रश्न सोडवणारा जसा दोन्ही बाजूंचा प्रामाणिकपणे विचार करतो, तसाच येथे करावा लागतो, आणि त्यात हार-जीत मागे पडून कारणे पुढे येतात. प्रश्न एवढाच की दोन्ही बाजूंचे बेत एकाच डोक्यात असताना अनिश्चितता आणायची कोठून. त्यासाठी सोप्या युक्त्या आहेत. पत्त्यांचा जोड पिसून एकेक पान उघडायचे. लाल पान आले तर एका बाजूची एक तुकडी हलते, काळे आले तर दुसऱ्या बाजूची, आणि जोकर आला की फेरी तेथेच संपते. त्यामुळे मनात योजलेली हालचाल वेळेवर होईलच असे नाही, आणि रणांगणावरही ती होत नसते. शत्रूच्या जागी खऱ्या प्रतिकृती न ठेवता उलट्या चकत्या ठेवायच्या, त्यांतल्या काही कोऱ्या. टेहळणीची तुकडी जवळ पोहोचल्यावरच चकती उलटायची. शत्रूच्या तुकडीवर मारा झाला तर ती थांबेल, आडोसा शोधेल की पुढे येईल, हे फाशावर सोपवायचे, मात्र त्या तुकडीला आधी लिहून ठेवलेला हुकूम काय आहे, हे पाहून शक्यता कमी-जास्त धरायच्या. मी स्वतः लेखी हुकमांना सर्वाधिक महत्त्व देतो. इतिहासात त्या सेनानीला काय ठाऊक होते तेवढेच धरून दोन्ही बाजूंचे हुकूम कागदावर उतरवायचे आणि ते बदलण्याचे कारण रणांगणावर घडल्याशिवाय बदलायचे नाहीत, एवढी शिस्त पाळली की आपलीच बाजू घेण्याचा मोह आपोआप आवरतो.

या पद्धतीचे मोल लोंगेवालासारख्या लढाईत दिसते. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थान सीमेवरच्या त्या ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली २३ पंजाब या पलटणीची जेमतेम सव्वाशे माणसांची कंपनी होती आणि समोरून रणगाड्यांचा ताफा येत होता. काटेरी तार दिसताच पुढे सुरुंग पेरले असावेत, असे समजून हल्लेखोर थबकले. भुसभुशीत वाळूत त्यांची वाहने रुतली आणि उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी उघड्या वाळवंटात त्यांना टिपले. हंटर रात्री उपयोगाचे नव्हते, म्हणून या खेळात घड्याळ हाच सर्वांत मोठा मोहरा ठरतो. तारेमागे सुरुंग आहेत की नाहीत, हे खेळणाऱ्याला ठाऊक असते, पण ते ठाऊक नसलेल्या माणसाच्या जागी उभे राहून निर्णय घ्यावा लागतो. अशा वेळी कोऱ्या चकत्या आणि फासे यांचा आधार लागतो, आणि शौर्याच्या जोडीला अंधार, वाळू आणि शंका यांनीही त्या रात्री काय केले, हे ध्यानात येते. त्याने चांदपुरी आणि त्यांच्या जवानांविषयीचा आदर वाढतोच.

साहित्याचे म्हणाल तर परदेशी प्रतिकृती महाग पडतात, परंतु जमीन मात्र आपल्याकडे जवळपास फुकट बनते. थर्माकोलवर राज्यात २०१८ मध्ये निर्बंध आले, त्यामुळे मी जाड पुठ्ठ्याचे थर समोच्च रेषांप्रमाणे कापून एकावर एक चिकटवतो आणि वरून चाळलेली माती फेविकॉलमध्ये कालवून लिंपतो. लाकडाच्या वखारीतला भुसा रंगवला की गवत होते, काथ्याचे तुकडे उभे रोवले की ऊस होतो, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी तोडून कपाशीच्या वाळक्या काडीवर बसवली की झाड उभे राहते. धूर आणि आग दाखवायला जगभरचे खेळाडू कापूसच वापरतात, आणि त्याची आपल्या खान्देशात काय वानवा? रणगाडे कागदाचेही चालतात. ज्यांना हवे असतील त्यांना त्रिमितीय छपाईची सोय आता अनेक ठिकाणी उपलब्ध आहे.

या छंदाने मुले युद्धखोर होतील, अशी शंका काही पालक बोलून दाखवतात, तिचा मी आदर करतो. माझा अनुभव उलट आहे. पडद्यावरच्या खेळात मेलेला सैनिक पुढच्या क्षणी उठून उभा राहतो. येथे उचलून बाजूला ठेवलेली तुकडी खेळ संपेपर्यंत परत येत नाही, आणि तिला कोणाच्या हुकमाने तेथे पाठवले हे कागदावर लिहिलेले असते. तरीही काही मर्यादा पाळाव्यात, असे मला ठामपणे वाटते. हुतात्मा झालेल्या जवानाचे नाव कोणत्याही प्रतिकृतीला देऊ नये. सध्या चालू असलेले युद्ध टेबलावर आणू नये. आपल्या भागातल्या अनेक गावांच्या वेशीवर जवानांची स्मारके आहेत. ज्या लढाईतल्या हुतात्म्यांचे आईवडील अजून हयात आहेत, ती कारगिलसारखी लढाई मी मुलांसमोर खेळायला घेत नाही. कारगिलमधल्या तोलोलिंग शिखराचा चढ किती खडा होता, हे समजावण्यापुरती जमीन जरूर बनवतो, पण तिच्यावर फासे टाकत नाही.

भुसावळ आणि वरणगाव येथील आयुध निर्माणींमुळे आपल्याकडची कित्येक घरे देशाच्या संरक्षणाशी रोजच्या कामाने जोडलेली आहेत. अशा प्रदेशातल्या शाळांना आणि तालुक्याच्या ग्रंथालयांना उन्हाळ्याच्या सुट्टीत एक मोठे टेबल आणि एक कपाट या कामासाठी देणे अवघड जाऊ नये. मांडलेली जमीन आठ-पंधरा दिवस हलवावी लागू नये, एवढीच खरी गरज असते, आणि लहान घरांत नेमकी तीच भागत नाही. माजी सैनिकांनी तेथे येऊन मुलांना जमीन कशी पाहावी हे सांगितले, तर त्याहून चांगला शिक्षक मिळणार नाही.

आपल्याकडून अपेक्षा आहे ती नकाशाची. येत्या सप्टेंबरात असल उत्तरवर लेख छापला जाईल तेव्हा त्यासोबत उत्तर दिशा, किलोमीटरची प्रमाणपट्टी, कालवे, रस्ते, गावे आणि भिजवलेली शेते दाखवणारा नकाशा असावा. दोन्ही बाजूंच्या तुकड्या एकाच दिवसाच्या न दाखवता ८, ९ आणि १० तारखेच्या स्वतंत्र दाखवाव्यात आणि शक्य असल्यास नकाशा दोन स्तंभांपेक्षा लहान करू नये, कारण त्याहून लहान नकाशावरची अंतरे मोजपट्टीने मोजता येत नाहीत.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव