वेगवान इंटरनेटची निवड एकाच आकड्यावर नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरच्या इंटरनेटसाठी जुनी कंपनी सोडून अधिक वेगवान कंपनीकडे जायचे ठरवले की ग्राहकापुढे जाहिरातींचा ढीग येतो आणि त्या सगळ्यांत १००, ३००, ५०० किंवा १००० एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट) असा एकच ठळक आकडा असतो. जाहिरातदाराने आपला सर्वांत देखणा आकडा मोठ्या टाइपात छापावा, यात नवल नाही. परंतु वृत्तपत्रांतील ग्राहकोपयोगी सदरांतूनही सेवांची तुलना याच एका आकड्यावर होते, हे मला खटकते. मी नुकतीच कंपनी बदलली असून त्याबद्दल पूर्ण समाधानी आहे. मात्र ज्या गोष्टींमुळे समाधान मिळाले, त्यांतली एकही त्या आकड्यात दिसत नव्हती.

मुळात हा आकडा बिट्समध्ये असतो आणि आपल्या फाइली मोजल्या जातात बाइट्समध्ये. आठ बिट्सचा एक बाइट होत असल्याने १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. ४के दर्जाचा चित्रपट घरबसल्या पाहायला साधारण १५ ते २५ एमबीपीएस पुरतात, म्हणजे घरातील चौघांनी चार पडद्यांवर चार वेगळे चित्रपट लावले तरी १०० एमबीपीएसमध्ये ते बहुधा निभावून जाते. ३०० वरून १००० वर गेल्याचा फरक अवजड फाइली रोज उतरवणाऱ्याला नक्कीच जाणवेल. इतरांना तो बहुतेक बिलातच दिसेल.

मग तक्रारी येतात कुठून? आमच्या जुन्या जोडणीचा डाउनलोड वेग चाचणीत चांगला दिसत असे, तरीही घरातल्या कोणाच्या मोबाइलमधील छायाचित्रे आपोआप ऑनलाइन साठवली जाऊ लागली की इकडे व्हिडिओ कॉलवरच्या माणसाचा चेहरा उघड्या तोंडानिशी गोठायचा आणि आवाज तुटक येऊ लागायचा. दोष अपलोडचा, म्हणजे घरातून बाहेर माहिती पाठवण्याच्या वेगाचा होता. तांब्याच्या तारेवरील जुन्या तंत्रांत अपलोडच्या वाट्याला डाउनलोडच्या मानाने फारच थोडी जागा ठेवलेली असते. एडीएसएल२+ चे उदाहरण घ्यायचे तर डाउनलोडची कमाल मर्यादा २४ एमबीपीएस आणि अपलोडची सामान्यतः दीड एमबीपीएसच्या आतबाहेर. ही चिंचोळी वाट भरली की बाहेर जाणारी माहिती मोडेममध्ये साचत राहते आणि एरवी २०-३० मिलिसेकंदांत जाऊन येणाऱ्या संदेशाला कित्येकशे मिलिसेकंद लागतात. या विलंबालाच पिंग म्हणतात. संभाषणाला आणि ऑनलाइन खेळांना वेगापेक्षा हा विलंब अधिक नडतो, आणि नेमका तोच जाहिरातीत नसतो. नव्या फायबर (काचेच्या धाग्यावरील) जोडणीत अपलोड आणि डाउनलोड सारखेच मिळतात. माझ्या समाधानाचे खरे कारण ते आहे. अर्थात फायबर म्हटले की अपलोडही तेवढाच, असे मात्र गृहीत धरू नये; प्लॅनमध्ये दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागावेत.

दुसरी बाब संध्याकाळची. घरगुती फायबरसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन तंत्रात कंपनीच्या केंद्रातून निघणारा एक धागा वाटेत विभागून ३२ किंवा ६४ घरांना दिला जातो आणि त्या धाग्याची एकूण क्षमता डाउनलोडला सुमारे २.५ गिगाबिट, तर अपलोडला सुमारे १.२५ गिगाबिट असते. ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने डाउनलोड सुरू केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० एमबीपीएसही येणार नाहीत. यात कोणतीही लबाडी नाही. सगळे एकाच क्षणी सगळे मागत नाहीत, या अंदाजावरच जगभरातले जाळे उभे आहे. प्रश्न एवढाच, की कंपनीने तो अंदाज किती सैल ठेवला आहे आणि केंद्रापासून पुढे जाणारी तिची स्वतःची वाट किती रुंद आहे. धाग्यावर अजून थोडीच घरे असताना मिळणारा वेग हा नव्याचे नऊ दिवस ठरू शकतो. म्हणून चौकशी करताना कंपनीच्या प्रतिनिधीपेक्षा तीच सेवा वर्षभर वापरणाऱ्या शेजाऱ्याला विचारावे, आणि शक्य झाल्यास त्याच्याकडेच रात्री नऊच्या सुमारास मोजून पाहावे. वेगचाचणीचा सर्व्हर अनेकदा कंपनीच्या स्वतःच्याच जाळ्यात असतो, तेव्हा बाहेरचा सर्व्हर निवडून केलेली चाचणी अधिक खरी.

घराच्या आतली बाजू तर कोणीच सांगत नाही. आमच्याकडे ३०० एमबीपीएसची जोडणी बसवल्यावर राउटरपाशी पूर्ण वेग येत होता आणि आतल्या खोलीतल्या संगणकावर काटा ९४ च्या पुढे हलत नव्हता. जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाने भिंतीतून आलेल्या लॅन केबलचे टोक उघडून दाखवले: आठ तारांपैकी चारच जोडलेल्या होत्या. चार तारांवर १०० एमबीपीएसच्या वर जाता येत नाही, गिगाबिटसाठी आठही लागतात. आडात भरपूर होते, पोहराच गळका होता. वायफायचेही असेच. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपलीकडे पोहोचतो, पण त्यात एकमेकांवर न येणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच मिळतात आणि दाट वस्तीत ते शेजाऱ्यांच्या राउटरांनी भरलेले असतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, मात्र भिंतीपुढे लवकर दमतो. कपाटात कोंबलेला राउटर तसाच ठेवून कंपनी बदलली, तर तक्रार जुनीच राहील आणि बिल तेवढे नवे येईल. त्यामुळे बदलण्यापूर्वी एकदा संगणक थेट राउटरला केबलने जोडून वेग मोजावा. तिथे तो पुरेसा भरला, तर दोष कंपनीचा नाही.

प्रत्यक्ष बदलाबद्दल थोडक्यात लिहितो. नवी जोडणी गर्दीच्या वेळी तपासून झाल्याशिवाय जुनी तोडू नये. जुन्या कंपनीने दिलेला ई-मेल पत्ता वापरात असल्यास तो आधी सर्वत्र बदलून घ्यावा, कारण जोडणीबरोबर तोही जाऊ शकतो. नव्या राउटरला वायफायचे जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिल्यास घरातली बहुतेक उपकरणे आपोआप जोडली जातात. बाहेरून थेट घरच्या संगणकावर येण्याची गरज असणाऱ्यांनी स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखण्याचा क्रमांक) मिळेल का, हे आधीच विचारावे. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते एकूण सुमारे ४३० कोटीच असून त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, तेव्हापासून अनेक कंपन्या कित्येक घरांमागे एकच पत्ता वापरतात.

आपल्याला माझी विनंती अशी, की यापुढे घरगुती इंटरनेट सेवांचा तुलनात्मक तक्ता छापताना डाउनलोडच्या शेजारी अपलोडचा वेग, जोडणीवर पूर्ण भार असतानाचा विलंब आणि रात्री आठ ते दहा या वेळेत मिळणारा वेग, असे तीन रकाने वाढवावेत. ही मोजणी कंपन्यांच्या पत्रकावरून न करता वाचकांकडून मागवावी आणि ती केबलवर केली की वायफायवर, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहावे. एखादी कंपनी हे आकडे द्यायला तयार नसेल, तर तिचा रकाना कोरा छापावा.

आपला,
एक नियमित वाचक