तिसरी 'ब' : शनिवारी उवांची तपासणी

पालकहो, नमस्कार.

वर्गात काही मुलांच्या डोक्यात उवा सापडल्यात. कुणाच्या, ते विचारू नका, सांगणार नाही. शनिवारी सकाळी ८ वाजता वर्गातच सगळ्यांचे केस बघणार आहोत, मुलग्यांचेसुद्धा.

शुक्रवारी रात्री घरी एकदा बघा. केसांना तेल लावून पांढऱ्या कापडावर बारीक फणीने विंचरा. कानामागे आणि मानेवर नीट पाहा. कोंडा झटकला की पडतो, लीख केसाला घट्ट चिकटून बसते.

सापडल्या तर :

- डॉक्टरांना विचारून १ टक्का परमेथ्रिनचं लोशन लावा, १० मिनिटांनी धुवा. लिखा ७ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवशी परत लावा. हेच बहुतेकजण विसरतात.
- रॉकेल अजिबात नको, आजी कितीही म्हणाल्या तरी.
- मुलींच्या घट्ट वेण्या घाला. कंगवा, रिबिनी ज्याच्या त्याच्या.

उवा उडी मारत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चढतात. गंगावेशीकडून येणाऱ्या रिक्षांत मुलं चिकटूनच बसतात, त्या पालकांनी जरा जास्त लक्ष द्या.

उवा आहेत म्हणून मुलांना घरी ठेवू नका.

– वर्गशिक्षिका